केरू शाहिरांच्या गाण्यातली खरखर

कमलनं चटणीसाठी मिक्सर फिरवला आणि बाहेरच्या खोलीत चाललेला अभंग 'विठ्'वर अडकला. 'ठल' काही आलाच नाही. महेंद्र पाष्टे खुर्चीतून उठला, फोन डोक्यावर धरून त्यानं खोलीत एक चक्कर मारली, खिडकीत जरा थांबला आणि शेवटी स्टुलावर चढला.

"बंद कर तो मिक्सर!"

"मग चटणी काय हातानं वाटू?"

"वाय-फायला त्रास होतो त्याचा. किती वेळा सांगायचं?"

"मला पण त्रास होतो तुमच्या वाय-फायचा. मी सांगते का कुणाला?"

महेंद्र स्टुलावरून खाली उतरला. तेहेतीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात त्यानं लोकांच्या बांधांची मोजणी केली, भावाभावांत समेट घडवले, दोनदा कोर्टात साक्षी दिल्या. पण घरात कमलपुढे त्याची एकही हद्द कधी कायम झाली नव्हती. निवृत्त झाल्यावर माणूस बागेला पाणी घालतो, नाहीतर राजकारणावर बोलतो. महेंद्रनं कॅसेटी काढल्या. भजनं, नमनं, जाखडीची गाणी, वाडीतल्या लग्नांत कुणीकुणी टेप केलेलं, असं चारशे बारा कॅसेटींचं गाठोडं त्यानं एकेक करून कॉम्प्युटरमध्ये भरलं. तो कॉम्प्युटर बेडरूममध्ये कॉटखाली असायचा. घरात त्याला 'कॉटखालचं' म्हणत, महेंद्र 'सर्व्हर' म्हणायचा. फोनमध्ये एक अॅप होतं आणि त्या अॅपमधून घरची गाणी जगात कुठेही ऐकता येत, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

जगात कुठेही म्हणजे आतापर्यंत रत्नागिरीतलं मारुती मंदिर, मासळी बाजार आणि एकदा आरे-वारेचा किनारा. आरे-वारेला अख्खं गाणं एकदाही न अडकता वाजलं होतं. तो दिवस महेंद्र विसरला नव्हता. कमलही नव्हती, कारण त्या दिवशी नवऱ्यानं एकदासुद्धा समुद्राकडे पाहिलं नव्हतं.

त्यातून आवाजाचा दर्जा हा त्याचा जीव की प्राण. गाणं दाबून लहान केलं की त्यातला जीव जातो, असं त्याचं मत. ब्लूटूथ नको, त्यानं दर्जा पडतो. फोनमध्ये उतरवून घेणं नको, तेव्हाही अॅप गाणं दाबतं. एकदा कमलनं त्याला डोळे मिटून बसायला सांगितलं आणि म्हणाली, "हे दाबलेलं. आणि आता... हे मूळ."

"बघ!" महेंद्र डोळे मिटूनच उसळला. "झांज कशी मोकळी झाली बघ!"

कमलनं कशालाच हात लावलेला नव्हता. हे तिनं त्याला आजतागायत सांगितलेलं नाही. बिचाऱ्याचा आनंद कशाला घालवा, म्हणून.

हे सगळं एरवी घरातल्या घरात राहिलं असतं. पण चारशे बारातली एक कॅसेट हौसाकाकीची होती.

हौसाकाकी म्हणजे महेंद्रच्या सख्ख्या चुलत्याची, केरूकाकांची बायको. वय त्र्याऐंशी, मूलबाळ नाही, पालीच्या पुढे पाष्टेवाडीत एकटी राहायची. केरूकाका जाखडीचे नावाजलेले शाहीर होते. पायांत चाळ बांधलेले नाचे गोल फिरायचे, मधे बसून काका गायचे. समोरच्या फडाला गाण्यातून सवाल टाकायचा आणि त्यांनी गाण्यातूनच जवाब द्यायचा, असा तो खेळ. काका जाऊन वीस वर्षं झाली. त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्यांनीच एके दिवशी घरात बसून भरलेल्या त्या कॅसेटीत. काकीचा टेपरेकॉर्डर बिघडला तेव्हा महेंद्रच म्हणाला होता, "दे माझ्याकडे. असा आवाज करून आणतो की काका समोर बसून गातायत असं वाटेल."

तो आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून घेतला आणि पाठोपाठ टेपनं कॅसेटीचं रीळ गिळलं. बाहेर आलं ते शेवयांसारखं. कॅसेट सांभाळून ठेवल्येय, असं महेंद्र काकीला सांगत राहिला. रिकामी डबी कपाटात होती, तेवढ्यापुरतं ते खरंही होतं. पण त्यामुळे काकांचा आवाज आता फक्त कॉटखाली शिल्लक राहिला.

त्यात भरीला महेंद्रनं तो आवाज साफ करायला घेतला. मूळ रेकॉर्डिंगमध्ये टेपची खरखर होती, कुत्रं होतं, कोंबडा होता, भांडी होती आणि कुणाची तरी सारखी कुजबुज होती. कलावंत गातोय आणि घरातली माणसं गप्प बसत नाहीत, याचा महेंद्रला मनस्वी राग आला. तीन महिने तो रोज सकाळी पडद्यासमोर बसायचा. खरं सांगायचं तर तो ऐकत नव्हताच, तो रेषा बघत होता. काकांच्या आवाजाची रेषा उंच, बाकी सगळ्या बुटक्या. बुटकी रेषा दिसली की काप. आयुष्यभर नकाशावरचं अतिक्रमण हटवलेला माणूस, हात सराईत होता. गाणं संपल्यावरचं शेपूट तर त्यानं न ऐकताच उडवलं.

दिवाळीला त्यानं रत्नागिरीहून फोन लावून साफ केलेलं गाणं काकीला ऐकवलं. काकीनं फोन कानाला लावला, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "आवाज ह्येंचाच हाय. पन कायतरी कमी हाय रे."

महेंद्रनं आणखी साफ केलं. शिमग्याला पुन्हा ऐकवलं.

"आता तर आनकी कमी झालां," काकी म्हणाली. "म्हेंदरा, तू आपली माझी कॅसेट मना दे."

महेंद्रनं विषय बदलला, फोन ठेवला आणि पुन्हा साफ करायला बसला.

एप्रिलअखेर वाडीचे अध्यक्ष धोंडूदादा यांचा फोन आला. सहाणेजवळ, म्हणजे देवाची पालखी बसते त्या चौथऱ्याजवळ, वाडीनं नवा रंगमंच बांधला होता. नाव ठरलं होतं 'शाहीर केरू पाष्टे रंगमंच'. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, तेव्हा दुसऱ्या रविवारी सकाळी अकराला उद्घाटन. पाटीवरचा पडदा हौसाकाकी ओढणार.

"तुज्याकडं काकांचा आवाज हाय म्हनं," धोंडूदादा म्हणाले. "पडदा सरकला की तोच लावूया. काकी खूश होईल. म्हातारीचं आता किती दिवस रायलेत?"

"लावतो," महेंद्र म्हणाला. "असा लावतो की वाडी ऐकत राहील."

स्पीकरवाला संदेश वाडीतलाच. त्यानं दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं, "दादा, पेनड्राईव्हवर घेऊन या. बाकी मी बघतो."

आता पेनड्राईव्हवर तेच गाणं त्याच दर्जाचं वाजलं असतं, हे महेंद्रला पुरेपूर ठाऊक होतं. पण मग अॅपचं काय? दोन वर्षं ज्याच्यावरून घरात टोमणे खाल्ले ते अॅप सगळ्या भावकीसमोर, कमलसमोर, एकदाचं सिद्ध करायची संधी आली होती. ती पेनड्राईव्हवर घालवायची म्हणजे घरून डबा बांधून लग्नाला जाण्यातला प्रकार.

"पेनड्राईव्ह लागणार नाही," तो ऐटीत म्हणाला. "थेट घरून येईल."

रविवारी दहा वाजता दोघं वाडीत पोचली. मांडव भरला होता. मुंबईची माणसं, गावची माणसं, पुढच्या रांगेत हिरवं लुगडं नेसून हौसाकाकी. महेंद्र वाकून पाया पडला तेव्हा तिनं त्याचा हात धरून ठेवला.

"आज लावनार मा रे ह्येंचं गानं?"

"लावणार काकी."

"नीट लाव हां. रात्री झोप नाय लागली मना."

महेंद्रनं मान हलवली. तो रंगमंचामागे गेला आणि फोन काढला. रेंजचा एकही दांडा नव्हता.

"हितं नाय मिळत," संदेश स्पीकरची वायर सोडवत म्हणाला. "त्या गडग्यावर चढलं की मिळते. म्हणून तर पेनड्राईव्ह म्हणत होतो."

गडगा म्हणजे जांभ्या दगडाची कुंपणभिंत, रंगमंचापासून वीस-पंचवीस फुटांवर. संदेशनं सुचवलं, फोन गडग्यावर ठेवा, ब्लूटूथनं जोडू. महेंद्रनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो मुकाट्यानं लांब वायर आणायला गेला. वायर आली, फोनला जोडली. महेंद्र धोतर-टोपीवाल्या दोन म्हाताऱ्यांचा आधार घेत गडग्यावर चढला. रेंजचे दोन दांडे आले. त्यानं देवाचं नाव घेऊन अॅप उघडलं.

अॅपनं बराच वेळ गोल चक्र फिरवलं आणि कळवलं, सर्व्हर सापडत नाही.

त्यानं अॅप बंद करून उघडलं. सापडत नाही. फोन बंद करून सुरू केला. सापडत नाही. एवढ्यात कमल गडग्याखाली येऊन उभी राहिली. तिच्या हातात पोह्यांची बशी होती.

"कमल," महेंद्र वरून हळू आवाजात म्हणाला, "निघताना घरात तू काय काय बंद केलंस?"

"नेहमीचंच. गॅस बंद केला, नळ बघितले, मेन स्विच पाडला."

"मेन स्विच पाडलास?"

"मग? तीस वर्षं गावाला येताना पाडतेच की. वीज पडली, काय झालं, तर?"

"अगं, सर्व्हर कशावर चालतो?"

"मला काय ठाऊक? तुम्हीच म्हणता ना, जगात कुठेही चालतो म्हणून."

महेंद्रनं कपाळावर हात मारला. समोर मांडवात धोंडूदादांनी माईक हातात घेतला होता. घराची जादा किल्ली शेजारच्या मुकादमभाभींकडे असायची. भाभी उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, डोकं शाबूत, फक्त गुडघे साथ देत नव्हते. महेंद्रनं वायर काढून त्यांना फोन लावला आणि धोंडूदादांना हातानं खूण केली, लांबवा.

धोंडूदादांना ही खूण जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी केली होती. ते खुलले.

"तर मंडळी, केरू शाहीर! शाळेची पायरी चढले नाय, पन शंभरावर गानी रचली. कुटनं सुचली? सरस्वती जिभेवर बसलीवती! खेडच्या शाहिराला त्यांनी जो सवाल टाकला, 'पाण्यावाचून पिकतं काय', त्याचं उत्तर मंडळी, आजपातूर कुनाला देता आलं नाय!"

टाळ्या पडल्या. इकडे भाभी कुलूप उघडून आत शिरल्या होत्या.

"स्विच वर केला, महेंद्रभाई. या अल्ला, पंखे सगळे एकदम फिरायला लागले. टीव्हीपण बोलतोय."

"टीव्ही बोलू दे. बेडरूममध्ये कॉटखाली कॉम्प्युटर आहे, त्याचं बटण दाबा."

"कॉटखाली? माझ्या गुडघ्यांचं काय?"

"भाभी, प्लीज. काकांचं गाणं आहे."

बराच वेळ नुसते उसासे ऐकू आले. मग काहीतरी पडलं. "तुमचा चपलांचा खोका," भाभी म्हणाल्या, "मी ठीक आहे." पुन्हा उसासे. तोपर्यंत धोंडूदादांची सरस्वती तिसऱ्यांदा जिभेवर बसली होती आणि मांडवातली माणसं घड्याळं बघायला लागली होती.

"लागला दिवा," भाभी म्हणाल्या. "पडद्यावर लिहिलंय की नीट बंद केला नव्हता म्हणून सगळी गाणी परत मोजतोय. ...मोजली. आता म्हणतो, काही गाण्यांच्या दोन-दोन प्रती आहेत. एक मूळ, एक बदललेली. कुठली वाजवू विचारतोय."

"बदललेली! भाभी, बदललेली!"

फोनमधून काहीच आलं नाही. त्यानं बघितलं तर दांडे गेले होते. तो गडग्यावर इकडून तिकडे धावला, चवड्यांवर उभा राहिला, फोन दोन्ही हातांनी वर धरला. मिनिटभरानं एक दांडा आला आणि त्याबरोबर भाभींचा मेसेज आला. 'काम झालं.' पुढे अंगठा.

महेंद्रचा जीव भांड्यात पडला. त्यानं अॅप उघडलं. सर्व्हर सापडला होता. गाणंही दिसत होतं. पण एका दांड्यावर मूळ दर्जाचं गाणं यायचं म्हणजे नारळ सुईतून ओवायचा. चक्र फिरत राहिलं.

"आनकी उंच पायजे," गडग्याखाली उभा असलेला दीपक म्हणाला. दीपक वाडीतला आंबे काढणारा. शेंड्यावरचा आंबा देठासकट उतरवावा तर त्यानंच. "थांबा, घळ आनतो."

घळ म्हणजे आंबे काढायची लांब काठी, टोकाला जाळीची पिशवी. दीपकनं ती आणली, फोन अलगद जाळीत ठेवला, वायर पुन्हा जोडून काठीला दोन वेढे देऊन गुंडाळली. महेंद्रनं गाणं सुरू करायचं बटण दाबलं आणि दीपकनं घळ सरळ आभाळात उभी केली. वर पंधरा फुटांवर, कैऱ्यांच्या शेजारी, फोनला सगळे दांडे मिळाले.

धोंडूदादांनी हे पाहिलं आणि भाषण जागच्या जागी तोडलं. हौसाकाकीला हाताला धरून वर नेलं. तिनं दोरी ओढली, पडदा सरकला, पाटी दिसली, टाळ्या वाजल्या आणि संदेशनं आवाजाचा खटका पूर्ण उजवीकडे फिरवला.

चार मोठ्या स्पीकरांतून पहिल्यांदा आली ती खरखर.

महेंद्रनं दचकून वर फोनकडे बघितलं. ही खरखर त्यानं स्वतःच्या हातांनी काढली होती. पाठोपाठ कुत्रं भुंकलं, कोंबडा आरवला, ताट आपटलं. मांडवात खसखस पिकली. भाभींनी मूळ ठेवलं होतं! तीन महिन्यांची मेहनत, केरूकाकांची अब्रू, काकीची शेवटची इच्छा, सगळं पाण्यात.

"दीपक, खाली घे! फोन खाली घे!"

दीपकनं घळ खाली आणली. तेवढ्यात स्पीकरमधून काकांचा खाकरा आला होता, तो अर्धाच तुटला.

"ए, वर घे!" मांडवातून दहा आवाज आले. "काका बोलत होते! वर घे!"

"खाली घे!"

"वर!"

दीपकनं दोन्हीकडे बघितलं. वाडीत राहायचं त्याला होतं. त्यानं घळ वर केली आणि ती दोन्ही हातांनी घट्ट धरून डोळे मिटून घेतले.

आणि मग त्या खरखरीतून एक बाईचा आवाज आला. बारीक, घाईतला, कुजबुजल्यासारखा. फोनवर, कॉम्प्युटरवर तो नुसती सळसळ वाटायचा. संदेशच्या स्पीकरांतून शब्द न् शब्द कळत होता.

'म्हना, सांग गड्या रे, सांग मला तू, पाण्यावाचून पिकतं काय.'

आणि केरूकाकांचा तो खडा, गोड, वाडीला आठवणारा आवाज लागला, "सांग गड्या रे, सांग मला तू, पाण्यावाचून पिकतं काय!"

'बी ना पेरता, हात न लागता, डोंगरमाथी दिसतं काय.'

"बी ना लागता, हात न पेरता..."

'अवो, तसां नाय! बी पेरतात, हात लागतात. किती येळा सांगू?'

"बी ना पेरता, हात न लागता, डोंगरमाथी दिसतं काय!"

मांडवातली खसखस थांबली होती. ओळ पुढे बाईच्या तोंडून यायची, मागून काका ती उचलायचे आणि आभाळाला लावायचे. एकदा काका भलतीच ओळ गाऊन गेले, तेव्हा बाईनं च्यक् केलं. तेही चारही स्पीकरांतून आलं. महेंद्रनं गडग्यावर उभ्या उभ्या ते ओळखलं. असलंच च्यक् त्यानं फेब्रुवारीत एका सकाळी सात वेळा वेगवेगळ्या जागांवरून कापलं होतं.

गाणं संपलं. आता त्याला ठाऊक असलेलं काही उरलं नव्हतं, कारण पुढचं शेपूट त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. स्पीकरमधून केरूकाका बोलायला लागले.

"चांगला सवाल हाय हौसे. पन ह्याचा जवाब काय?"

'जवाब अजून केला नाय. आदी भात उतरू दे.'

"अगो, पन उद्या खेडवाल्यांनी जवाब दिलान तर? बरोबर का चूक, मना कसां कळायचां?"

'तुमी नुसती मान हलवा नि हसा. त्येंना काय कळतंय?'

भांड्यावर झाकण आपटल्याचा आवाज आला आणि गाणं खरोखरच संपलं.

मग सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. रंगमंचावर पाटीशेजारी हौसाकाकी पदर सावरत उभी होती. धोंडूदादांच्या हातात माईक होता आणि पहिल्यांदाच त्यांना काय बोलावं ते सुचत नव्हतं.

"काकी," ते शेवटी म्हणाले, "ही गानी... तुमी केलीव?"

"मग काय गोठ्यातल्या म्हशीनं केली?"

मांडव हसला, पण बेतानं. काकीनं माईक धोंडूदादांच्या हातातून काढून घेतला. तो तिनं उलटा धरला होता, संदेशनं धावत जाऊन सरळ केला.

"गळा ह्येंचा. तसा गळा पुन्ना होनार नाय. पन डोसक्यात सलग दोन वळी कवा रायल्या नाय. मी चुलीपाशी करायची, ह्येंच्याकडून घोकून घ्यायची. लिवायला येत नवतां, दोगांनाबी."

"पन इतकी वर्सां सांगितलांव नाय?"

"कुनी इचारलंन?" काकी म्हणाली. "नि बाईनं केलेलां गानां म्हटल्यावर समोरचे हसत घरी गेले असते. सवाल ऐकलानी असतानी काय?"

आता कुणीच हसलं नाही. मागच्या बाजूला बसलेल्या बायकांतून एकीनं टाळी वाजवली, मग दुसरीनं, मग सगळा मांडव वाजवायला लागला. धोंडूदादा माईकशिवायच जोरजोरात वाजवत होते. मघाशी तीनदा जिभेवर बसवलेल्या सरस्वतीचं काय करायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पाटीकडे बघून ते पेंटरला हाका मारायला लागले. पेंटर मांडवात नव्हताच, तो लांज्याचा.

महेंद्र गडग्यावरून कसा उतरला त्याचं त्याला कळलं नाही. त्याला लाज वाटत होती. एवढी लाज त्याला कार्यालयात चुकीचा नकाशा सही करून पाठवला तेव्हाही वाटली नव्हती. तो रंगमंचावर गेला आणि काकीच्या पायांशी बसला.

"काकी, तुझी कॅसेट तुटली. माझ्याच हातून. तुला खोटं सांगत होतो."

"व्हय काय?"

"आणि ती कुजबुज... ती मीच काढली होती. खरखर समजून. दिवाळीला काढली, शिमग्याला आणखी काढली. तीन महिने बसून तुला काढत होतो, काकी."

हौसाकाकीनं त्याच्याकडे नीट बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज साफ होता.

"म्हनून म्हनत होते, कायतरी कमी हाय. ह्येंचा आवाज मना पाठ हाय रे. डोळे मिटले की येतो. माझा मी दुसरीकडं कुटं ऐकायचा?"

त्यानं नाक पुसलं. कमल केव्हा मागे येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक, तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिकडे दीपक अजूनही घळ उभी धरून होता, कारण त्याला खाली घे म्हणून कुणीच सांगितलं नव्हतं.

काकीनं पदरानं डोळे टिपले. मग ती जरा पुढे वाकली आणि माईकपासून तोंड दूर नेऊन हळूच म्हणाली, "म्हेंदरा, तुज्या त्या यंत्रात आवाज काडून टाकता येतो मा?"

"येतो."

"मग वाडवतासुदा येत असंल?"

"येतो की."

"मग असां कर. ह्येंचा जरा कमी कर नि माझा वाडव."

महेंद्रनं विचारलं, "किती कमी करू?"

काकीनं पाटीवरच्या नावाकडे एकदा बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाली,

"अगदी पुसू नको. नवरा हाय माझा."